मक्यातले विष शेतातच अडवायला हवे

बागलाणातल्या सटाणा आणि नामपूरच्या बाजारात मक्याची आवक वाढू लागते, तेव्हा परतीचा पाऊस पुरता सरलेला नसतो. रान कांद्यासाठी मोकळे करायची घाई असते, मजूर मिळतील तेव्हाच बिट्ट्या तोडून घ्याव्या लागतात, आणि ताडपत्रीखाली झाकलेला ओला ढीग आतून तापत राहतो. त्यात हिरवट-पिवळी बुरशी दिसली की भाव पडणार म्हणून शेतकरी हळहळतो. नुकसान मात्र भावापुरते नसते. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. ते यकृतावर घाला घालते, यकृताच्या कर्करोगाला कारण होते आणि भाकरी भाजल्याने जात नाही. १९७४ मध्ये गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यांत ऐन काढणीच्या वेळी पाऊस झाला. भिजलेला, बुरशी धरलेला मका तिथल्या आदिवासी कुटुंबांनी खाल्ला आणि शंभराहून अधिक माणसे कावीळ होऊन दगावली. घरात दुसरे धान्य नव्हते, म्हणून तो मका टाकून देणे त्यांना परवडण्याजोगे नव्हते.

या बुरशीवर वनस्पतीजन्य उपाय सुचवणारे आज पुष्कळ आहेत आणि त्यांचे म्हणणे पोकळ नाही. कडुनिंबाच्या पानांच्या अर्कात अशी विषारी बुरशी वाढवून पाहिली तेव्हा ती वाढत राहिली, पण तिची विष तयार करण्याची क्रिया जवळजवळ थांबली, असे अमेरिकी संशोधकांनी १९८८ मध्येच दाखवले होते. ओव्याच्या तेलातला थायमॉल आणि लवंगेच्या तेलातला युजेनॉल तर बुरशीची वाढच रोखतात. मात्र प्रयोगशाळेतली बशी वेगळी आणि शंभर क्विंटलचा ढीग वेगळा. ही तेले उडून जातात, दाण्याला वास लागतो, आणि परिणाम दिसेल एवढी मात्रा मक्याच्या भावात बसत नाही. बियाणे, बंद डब्यातले धान्य किंवा पशुखाद्य यांसाठी त्यांचा उपयोग जरूर करावा. पण विष एकदा दाण्यात उतरले की बुरशी मेली तरी ते तिथेच राहते. त्यामुळे काढणीनंतर बुरशीवर केलेला कोणताही उपाय, मग तो निंबाचा असो की रसायनाचा, पुढची वाढ थांबवतो; आधी झालेले नुकसान भरून काढत नाही.

सुरुवात शेतात होते. दाणे भरताना पाण्याचा ताण पडला, लष्करी अळीने कणीस पोखरले की बुरशीला वाट मिळते. म्हणून मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो आफ्रिकेत रुळलेला मार्ग. त्याच बुरशीचे काही भाऊबंद निसर्गतःच विष तयार करू शकत नाहीत. ते स्थानिक मातीतून निवडायचे, ज्वारीच्या निर्जंतुक दाण्यांवर चढवायचे आणि पीक फुलोऱ्यात येण्याच्या दोन-तीन आठवडे आधी एकरी सुमारे चार किलो शेतात फेकायचे. विषारी बुरशीच्या आधी ते जागा बळकावतात. नायजेरियातल्या उष्णकटिबंधीय शेती संस्थेने अमेरिकेच्या कृषी खात्याबरोबर विकसित केलेल्या ‘अफ्लासेफ’ने अनेक ठिकाणी विषाचे प्रमाण ८० टक्क्यांहून जास्त घटवले आहे. शेतात मुद्दाम बुरशी सोडायची, यावर शंका घेतली जाते आणि ती रास्त आहे. उत्तर निवडीत आहे: विष बनवणारी जनुकेच ज्यांतून गळून गेली आहेत, तेच प्रकार घ्यायचे. शिवाय ही बुरशी आपल्या मातीत आजही आहेच. प्रश्न तिच्यातल्या कोणाचे वर्चस्व राहावे एवढाच. डाळिंबाच्या मर रोगामुळे बागलाणच्या शेतकऱ्याला ट्रायकोडर्मा ही बुरशी नवी नाही, तेव्हा बुरशीने बुरशी रोखण्याची कल्पना त्याला परकी वाटणार नाही. मात्र ‘जैविक’ म्हणून कुणीही काहीही विकावे, हे नको. ट्रायकोडर्माला नोंदणी लागते, तशी यालाही लागावी आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाने त्याच्या चाचण्या इथल्याच रानात घ्याव्यात.

आपला मका माणसे खातात कुठे, तो कोंबड्यांना आणि इथेनॉलला जातो, असाही युक्तिवाद होतो. तो टिकत नाही. दुभत्या जनावराने विषारी खाद्य खाल्ले की विषाचा अंश दुधात उतरतो. २०१८ च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत तो मर्यादेबाहेर आढळला, आणि ही मर्यादा किलोमागे अवघी अर्धा मायक्रोग्रॅम आहे. इथेनॉल काढताना मक्यातला स्टार्च निघून जातो, पण विष चोथ्यात राहते आणि मूळ दाण्याच्या सुमारे तिप्पट तीव्र होते. तोच चोथा पशुखाद्यात मिसळला जातो. मक्यापासून इथेनॉल वाढवण्याचे धोरण आखणाऱ्या सरकारला या साखळीकडे डोळेझाक करता येणार नाही.

अडचण खर्चाची आहे आणि ती खोटी नाही. व्यापारी रंग आणि ओल पाहून भाव देतो. विष डोळ्यांना दिसत नाही. ज्याने फुलोऱ्याआधी खर्च केला, दाणे १४ टक्के ओलाव्याच्या आत वाळवले, त्याला तसे न करणाऱ्याइतकेच पैसे मिळणार असतील तर तो पुढच्या वर्षी हा खर्च का करील? बाजार समितीच्या आवारात सामाईक ड्रायर आणि अफ्लाटॉक्सिन तपासणारी साधी पट्टी ठेवायला फार मोठी तरतूद लागत नाही. खरेदीदार पोल्ट्री आणि इथेनॉल कारखान्यांनी निरोगी मक्याला क्विंटलमागे वरचा भाव जाहीर करावा, आणि तो पेरणीआधीच जाहीर करावा.