पोर्टचा आकार एक, कुवत वेगळी

लॅपटॉपसाठी डॉकिंग स्टेशन घ्यायला निघालेला माणूस डॉकचे खोके वाचतो. खरे तर आधी वाचायला हवा तो आपल्याच लॅपटॉपचा पोर्ट, आणि त्यावर बहुतेकदा काहीच लिहिलेले नसते. २०१४ साली आलेल्या टाइप-सीने कसाही घातला तरी बसणारा एकच आकार दिला, पण त्यातून काय चालवायचे हे प्रत्येक कंपनी मॉडेलगणिक ठरवत राहिली. काही लॅपटॉपच्या टाइप-सीतून फक्त डेटा जातो, काहींतून चार्जिंगही होते, काहींतून चित्रही निघते. नुसता डेटा देणाऱ्या पोर्टला साधा डॉक जोडला तर कीबोर्ड-माउस चालतात आणि मॉनिटर काळा राहतो. यात डॉक बिघडलेला नसतो, दुकानदारानेही फसवलेले नसते.

चित्राचे गणित पाहा. फोर-के मॉनिटरवर सेकंदाला ६० वेळा चित्र उमटायचे तर सेकंदाला सुमारे १२ गिगाबिट माहिती जावी लागते. एचडीएमआय १.४ वर बेतलेल्या स्वस्त हबला हे झेपत नाही, तो ३० वरच थांबतो. खोक्यावर मात्र ‘फोर-के’ ठळक छापलेले असते, आणि ते खोटेही नसते! घरी आल्यावर माउसचा बाण अडखळत सरकू लागला की उलगडा होतो. ‘१०० वॉट’चेही तसेच. असा हब वीज स्वतः देत नाही. तुमच्याच चार्जरची पुढे ढकलतो आणि मधल्यामध्ये आपला वाटा काढून घेतो. मॅकबुकवाल्यांची आणखी निराळी अडचण. एका केबलवर दोन वेगळे पडदे चालवणारी एमएसटी ही सोय विंडोजवर चालते. मॅकओएसवर दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दिसते.

यावर ‘मग सरळ महागडा थंडरबोल्ट डॉक घ्या’ असे सांगितले जाते. पण थंडरबोल्ट ३ चे बरेच डॉक साध्या टाइप-सी लॅपटॉपवर चालतच नाहीत, म्हणजे जास्त पैसे मोजूनही प्रश्न तिथेच. दुसरा आक्षेप असा की सगळी माहिती संकेतस्थळावर असते. असते, पण कोणत्या भाषेत? ५ गिगाबिटचा यूएसबी ३.० पुढे ३.१ जेन १ झाला, मग ३.२ जेन १; वेग तोच. हे कळले नाही म्हणून ग्राहकाला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

युरोपीय संघाने २८ एप्रिल २०२६ पासून नव्या लॅपटॉपना टाइप-सी चार्जिंग सक्तीचे केले आणि किती वॉट लागतात हे दाखवणारे लेबलही बंधनकारक केले. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने टाइप-सीचे मानक स्वीकारले आहे. आता एक पाऊल पुढे जाऊन पोर्टमागे तीन गोष्टी खोक्यावर छापायला लावाव्यात: किती वॉट, किती गिगाबिट, चित्र निघते की नाही. कंपन्या खर्चाची सबब सांगतील, पण कमाल किरकोळ किंमत आणि आयातदाराचा पत्ता त्याच खोक्यावर आजही सक्तीने छापला जातोच. त्यात आणखी एका ओळीने कुणाचे दिवाळे निघणार नाही.

तोवर विक्रेत्याला लॅपटॉपचे नेमके मॉडेल सांगा, या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी घ्या आणि माल परत घेण्याची मुदत बिलावर लिहून मागा. तो टाळाटाळ करू लागला, तर तिथून डॉक घेऊ नका.