तिचीही भाकरी मोजा

नाताळात मैत्रिणीकडे फराळाला गेले होते. बोलता बोलता बायबलमधली पाच भाकरी आणि दोन मासळ्यांची गोष्ट निघाली. येशूमागे माणसं आडरानात आलेली, दिवस कललेला, खायला काही नाही. एका पोराजवळ जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या. येशूने देवाचे आभार मानून त्या वाटायला दिल्या. सगळे पोटभर जेवले आणि वर बारा टोपल्या तुकडे उरले!

गोष्ट ऐकलेली होती. या वेळी मात्र मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या एका वाक्यापाशी अडले. जेवणारे सुमारे ५००० पुरुष होते, बायका-मुलं सोडून. म्हणजे पंगत मोजली ती आम्हाला वगळूनच! आणि ज्या शिदोरीवर हे सगळं घडलं, ती त्या पोराला कुणी बांधून दिली असेल? जव म्हणजे तिकडचं गरिबाचं धान्य, आपल्या ज्वारीसारखं. ते दळून, भाजून देणारे हात गोष्टीत कुठेच नाहीत.

उरलेले तुकडे गोळा करा, काही वाया जाऊ देऊ नका, असंही येशूने सांगितलं. आपल्या बुलडाणा जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको. २३ फेब्रुवारी १८७८ ला शेगावात गजानन महाराज पहिल्यांदा दिसले, ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना. अन्न हे पूर्णब्रह्म, ही शिकवण आपण घराघरात जपली. पण राबवली कुणावर? सकाळची उरलेली पोळी, कढईला लागलेली भाजी, पोरांनी टाकलेला भात, सगळं बाईच्या ताटात.

आमच्या बचत गटाच्या बैठकीत मागे सगळ्यांनी डबे उघडले. एक जण बाजूला सरकून बसली. "मले भूक नाई, माय." खोदून विचारलं तेव्हा कळलं, घरच्यांचे डबे भरता भरता पीठच संपलं होतं. मग प्रत्येकीने आपल्यातली चतकोर तिच्या पुढ्यात ठेवली. कुणाला ठेचा कमी पडला नाही की पिठलं. चमत्कार म्हणायचा तर हाच.

त्या गोष्टीत आधी सगळे तृप्त झाले, मग तुकडे उरले. आपल्या घरात बाई तृप्त न होताच तुकड्यांवर भागवते, आणि त्याला आपण त्याग म्हणतो. त्यागाचं कौतुक केलं की तिच्या ताटात वाढायची जबाबदारी टळते ना!

मैत्रिणींनो, आज पीठ मळताना माणसं मोजाल, तेव्हा आपल्यापासून सुरुवात करा. आणि घरातल्या पुरुषांनो, पहिला घास घेण्याआधी एवढंच विचारा, "तुझं ताट कुठं आहे?" पाच भाकरींत हजारो जेवले म्हणतात, मग चौघांच्या घरात पाचवी उपाशी का राहावी?