‘तुम मिले’मध्ये २६ जुलै आहे कुठे?

२६ जुलैच्या पुरावर हिंदीत सिनेमा आला तो कुणाल देशमुखचा ‘तुम मिले’, २००९ साली. त्यातल्या पुराला नावं ठेवली की उत्तर तयार असतं : बजेट कमी हो, हॉलिवूडसारखा प्रलय कुठून आणणार?

मला नाही पटत. इफेक्ट फसले तर फसू देत. पण केपटाउनमधल्या प्रेमप्रकरणाला पैसे पुरले ना? इमरान हाश्मी आणि सोहा अली खानचं पुन्हा जुळावं म्हणून आमची मुंबई बुडाली का?

त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला. साकीनाक्याला दरड कोसळून अख्खी वस्ती गाडली गेली. मिठीचं पात्र कोणी आवळलं? पाण्याच्या निचऱ्याचा १९९३चा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल इतकी वर्षं धूळ खात का पडला? हे विचारायला व्हीएफएक्स लागत नाही, हिंमत लागते.

पुराला नुसता ‘निसर्गाचा कोप’ म्हटलं की पालिका सुटते, बिल्डर सुटतो, मंत्रीही सुटतो. आपला अंधेरी सबवे आजही पावसाळ्यात भरतो, तो काय सेट लावून?

सिनेमावाल्यांनो, पुढच्या वेळी पाणी थोडं कमी दाखवा. पण ते तुंबलं का, तेवढं दाखवा!