गिअर दुबळ्यांसाठी नसतात : एका बंदीचा इतिहास

१/ जुन्या सायकलवीरांच्या कौतुकात एक वाक्य हमखास येते : ‘त्या काळी गिअर नव्हते, तरीही ही माणसे आल्प्स आणि पिरेनीज ओलांडत.’ या वाक्याचा उत्तरार्ध खरा आहे. पूर्वार्ध साफ चुकीचा. गिअर होते; शर्यतीत ते वापरू दिले जात नव्हते. अभाव आणि बंदी यांतील फरक इतिहासाच्या अभ्यासकाने तरी विसरू नये.

२/ या विसराची किंमत आजही मोजली जाते. वीस किलो सामान बांधून घाटमाथ्याकडे निघालेला तरुण शर्यतीच्या सायकलीचे गिअर निवडतो, सर्वांत हलक्या गिअरला ‘ग्रॅनी गिअर’ म्हणून हसतो आणि तिसऱ्या दिवशी गुडघा धरून बसतो. त्याच्या हसण्यामागे सव्वाशे वर्षांपूर्वीचा एक फ्रेंच वाद आहे.

३/ वादाची एक बाजू पॉल द विव्ही (१८५३–१९३०) यांची. सेंत-एतियेन या औद्योगिक शहरात राहून त्यांनी १८८७ मध्ये सायकलविषयक नियतकालिक सुरू केले. तेच पुढे ‘ल सिक्लिस्त’ म्हणून प्रसिद्ध झाले. ‘वेलोसियो’ हे त्यांचे टोपणनाव. शहराबाहेरची ११६१ मीटर उंचीची कोल द ला रेपुब्लिक ही खिंड म्हणजे त्यांची प्रयोगशाळा होती.

४/ वेलोसियोंचे म्हणणे साधे होते. माणसाचे पाय एका ठरावीक लयीतच सुखाने काम करतात. रस्ता चढला की ती लय मोडू नये, यासाठी गिअर बदलावा. सुरुवातीच्या काळात ते खाली उतरून हाताने चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर चढवीत. चालत्या सायकलवर चेन सरकवणारा डिरेलर पुढे आला.

५/ १९०२ मध्ये ‘टूरिंग क्लब द फ्रान्स’ या संस्थेने पर्यटकांच्या सायकलींची डोंगराळ मार्गावर चाचणी घेतली. तीत मार्थ हेस या स्त्रीने तीन गिअरच्या सायकलवर केलेली कामगिरी गाजली. याच सुमारास इंग्लंडमध्ये स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब बाजारात येत होता. ‘त्या काळी गिअर नव्हते’ म्हणणाऱ्यांनी ही साल एकदा नीट पाहावी : पहिली ‘टूर द फ्रान्स’ त्यानंतर, १९०३ मध्ये झाली.

६/ दुसरी बाजू आंरी देग्रांज यांची. ‘टूर’चे संस्थापक आणि तिचे आयोजन करणाऱ्या वृत्तपत्राचे संपादक. १९०२ च्या चाचणीनंतर त्यांनी लिहिले, त्याचा आशय असा : गिअर पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी ठीक, इतरांनी स्नायूंच्या बळावर जिंकावे. ‘ग्रॅनी गिअर’ या थट्टेचे गोत्र इथे सापडते.

७/ देग्रांज स्वतः उत्तम सायकलपटू होते. १८९३ मध्ये त्यांनी तासाभरात ३५.३२५ किलोमीटर अंतर कापून विक्रम नोंदवला होता. मात्र तो सपाट धावपट्टीवर, सामानाशिवाय. चढ आणि ओझे या दोन गोष्टी ज्या मोजमापात नाहीत, ते मोजमाप प्रवाशाच्या कपाळी मारण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला?

८/ परिणाम काय झाला? १९१० मध्ये ‘टूर’ तुर्माले खिंडीत गेली, तेव्हा त्या वर्षीचा विजेता ओक्ताव्ह लापीझ यालाही काही चढ पायी चढावा लागला. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दातांची चक्रे असत. चढ आला की खाली उतरून चाक उलटे बसवायचे, हा त्यांचा ‘गिअर बदल’. म्हणजे गिअरची गरज सर्वांना मान्य होती. फक्त ती सोयीने भागवणे निषिद्ध होते.

९/ देग्रांज यांच्या बाजूने एक मुद्दा मान्य करायला हवा. शर्यत ही माणसांमधील तुलना असते आणि तिचे नियम कृत्रिमच असतात. सुरुवातीचे डिरेलर नाजूकही होते. पण शर्यतीचा नियम शर्यतीपुरता. प्रवाशाचा सामना दुसऱ्या माणसाशी नसून चढाशी असतो, आणि चढ कोणालाही पदक देत नाही.

१०/ निकाल काळानेच दिला. १९१३ मध्ये शांतलू येथे बहुगिअर सायकलींसाठी ‘पोलिमुल्तिप्लिए’ ही स्पर्धा सुरू झाली. १९३६ मध्ये फ्रेंच कामगारांना पगारी रजा मिळाली आणि कित्येक जण सायकली घेऊन गावाबाहेर पडले. १९३७ मध्ये, देग्रांज सूत्रांपासून दूर झाल्यावर, ‘टूर’नेही मुख्य स्पर्धकांना डिरेलरची मुभा दिली. रोजे लापेबी त्यावरच जिंकला.

११/ आता हिशेब. ७० किलोचा स्वार, १५ किलोची सायकल, २० किलो सामान : एकूण १०५ किलो. चढ आठ टक्के. शर्यतीच्या सायकलीवर पुढे ३४ आणि मागे २८ दात असतील, तर पायाच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.५५ मीटर जाते. मिनिटाला ६० फेरे राखायचे, तर जवळपास २२५ वॅट शक्ती लागते. सामान्य माणूस तासन्‌तास ती देऊ शकत नाही.

१२/ पुढे २६ आणि मागे ३४ दात घ्या. एका फेऱ्यात १.६ मीटर, त्याच लयीला सुमारे १४० वॅट, वेग ताशी पावणेसहा किलोमीटर. पेडलवरचा दाब पहिल्या गिअरमध्ये याच्या जवळजवळ १.६ पट पडतो. तो फरक गुडघा सोसतो. ‘मर्दानगी’ म्हणून मिरवले जाते ते प्रत्यक्षात सांध्यांवर काढलेले कर्ज आहे.

१३/ म्हणून निवड खालून वर करावी. सर्वांत हलक्या गिअरमध्ये पुढचे दात मागच्यापेक्षा कमी हवेत. भरपूर सामान असेल, तर पाऊण पटीच्या आसपास. त्याहून फार खाली जाण्यात अर्थ नाही, कारण ताशी पाच किलोमीटरखाली तोल सांभाळणे कठीण होते. वरच्या टोकाला ४४–११ पुरे : मिनिटाला ८० फेऱ्यांत तो ताशी ४० चा वेग देतो. उतारावर ओझे आपोआप पळते.

१४/ बोरघाटात रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे. तिथे कर्जतला अनेक गाड्यांना मागून जादा इंजिने जोडतात. त्या गाड्यांना कोणी दुबळे म्हणत नाही. ओझे आणि चढ पाहून यंत्र जुळवणे याला तिथे अभियांत्रिकी म्हणतात. सायकलवर मात्र तीच गोष्ट लाजिरवाणी ठरते.

१५/ कोल द ला रेपुब्लिक खिंडीत आज वेलोसियोंचे स्मारक आहे आणि त्यांच्या नावाने सायकलस्वार दरवर्षी तो चढ चढतात. स्त्रिया, वृद्ध, दिवसभर राबणारे कामगार यांना डोंगर खुला करणारे साधन म्हणजे हलका गिअर. त्याला हसणारा मनुष्य परंपरा जपत नाही. तो एका रद्द झालेल्या नियमाची चाकरी करतो.

(थ्रेड समाप्त)