सगळे सगळ्यांशी जोडलेले नाही!

मी कादंबऱ्या लिहिणारा, मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. शास्त्रात तोंड घालण्याचा याला अधिकार काय, असे कोणी विचारील. पण गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वहिनींनी आजारी भावाचा नुसता फोटो एका गृहस्थांपुढे ठेवला आणि उपचाराचे पैसे मोजले. ‘क्वांटम’मुळे विश्वातले सगळे कण जोडलेले आहेत, सबब इथे केलेल्या उपचाराचा गुण तिथे येतो, असे ते म्हणाले! भाऊ दवाखान्यात पोचायला महिना गेला. तेव्हा मी पुस्तके उघडली.

जोडलेपण खोटे नाही. १९६४ साली जॉन बेल यांनी त्याची कसोटी सांगितली. तसे प्रयोग करणाऱ्या क्लाउझर, आस्पे व त्साइलिंगर यांना २०२२ चे नोबेल मिळाले. दूरच्या दोन कणांच्या मोजणीत असा मेळ आढळतो, की उत्तरे आधीच ठरून गेली होती म्हणून त्याचा उलगडा होत नाही. पण दोन्हीकडच्या वह्या शेजारी ठेवल्यावाचून तो मेळ दिसतच नाही. त्यातून साधा निरोप जात नाही. मग औषध कसे जाणार?

बरे, ‘सगळे सगळ्यांशी’ तरी खरे का? अणूंएवढ्या चुंबकांची एक न संपणारी रांग घ्या. निरपेक्ष शून्य तापमानातही आडवे चुंबकी क्षेत्र वाढवीत नेले, की एका ठरावीक बिंदूला रांगेची शिस्त मोडते. पाण्याचे बर्फ व्हावे तसेच हेही अवस्थांतर. त्या बिंदूशी एकाचे वळण दूरदूरच्यांशी जुळते. गृहस्थ म्हणतील, बघा! पण २००२ साली गणित मांडले गेले, तेव्हा दोघादोघांतले क्वांटम गुंतलेपण शेजारी आणि शेजाऱ्याचा शेजारी एवढ्यावरच संपले. बेलच्या कसोटीला तर सख्ख्या शेजाऱ्यांची जोडीही उतरत नाही. ते नाते एकाशी जडले तर दुसऱ्याशी जडत नाही. आणि या रांगेत डावा-उजवा दोघेही सारखेच!

सृष्टीने नात्यालाही माप घातले आहे. ते माप लपवून जो विश्वाचे ऐक्य विकतो, तो अध्यात्मालाही फसवतो आणि शास्त्रालाही.

यंदा भाऊबीजेला वहिनी भावाकडे जाणार आहेत. एस्टीने. नाते कितीही घट्ट असले, तरी ओवाळायला जावेच लागते.