गाडी कुणाच्या नावावर?

परदेशात गेलेला प्रत्येक भारतीय शून्यापासून सुरुवात करतो, असं आपल्याकडे फार कौतुकाने सांगितलं जातं. दोन बॅगा, खिशात थोडे पैसे आणि जिद्द. या कथेतले नायक बहुतेक वेळा कोणत्या आडनावांचे असतात, हे या सदराच्या वाचकांना सांगायला नको. मला त्या शून्याबद्दल लिहायचं आहे. त्यासाठी गाडी खरेदीचं उदाहरण सोयीचं आहे, कारण नव्या देशात गाडी घेताना तुमच्याकडे काय आहे आणि काय नाही, हे एकेक कागद मागून तपासलं जातं.

मी जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात पीएचडी करते. भारतातून इथे कामासाठी येणाऱ्या माणसांवर माझं संशोधन आहे. मुलाखत द्यायला तयार असलेले बरेच जण शहरात राहत नाहीत, कारण शहरातलं भाडं परवडत नाही. ते राहतात त्या गावांतून संध्याकाळनंतर बस मिळत नाही. म्हणून एक जुनी, लहान गाडी घ्यावी लागली. हे राज्य आपल्याला तसं अनोळखी नाही. स्टुटगार्ट हे १९६८ पासून मुंबईचं भगिनी शहर आहे. चाकणला मर्सिडीजचा आणि नाशिकला बॉशचा कारखाना आहे, त्यामुळे पुण्या-नाशिकचे अभियंते इथे बऱ्याच वर्षांपासून येतात. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. म्हणजे यापुढे येणारे फक्त अभियंते नसतील. नर्सिंग केलेल्या, आयटीआय केलेल्या, चालक म्हणून काम करणाऱ्या मुलामुलींचा तो मार्ग आहे, आणि त्यांतल्या अनेकांच्या घरातून पहिल्यांदाच कुणीतरी विमानात बसणार आहे. त्यांना कुणी ‘एक्स्पॅट’ म्हणणार नाही, ‘स्थलांतरित’ म्हणतील. शब्द बदलला तरी खिडकीवर मागितले जाणारे कागद तेच असतात.

आधी सरळ माहिती. भारतातली गाडी इकडे आणण्याचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो सोडून द्यावा. राहतं घर हलवताना सोबत आणलेलं सामान म्हणून गाडीवरचा कर माफ होऊ शकतो. पण त्यासाठी तुम्ही निदान १२ महिने युरोपीय संघाबाहेर राहिलेले असावे लागता, गाडी निदान ६ महिने तुमच्या मालकीची आणि वापरातली असावी लागते आणि आणल्यावर १२ महिने ती विकता येत नाही. या अटीत बसला नाहीत तर १० टक्के आयात शुल्क आणि त्यावर १९ टक्के आयात-विक्रीकर. एवढं करूनही भारतासाठी बनलेल्या गाडीला युरोपची मान्यता नसते. ती एकट्या गाडीसाठी वेगळी तपासणी करून मिळवावी लागते, आणि रस्त्याच्या उजव्या बाजूने चालण्यासाठी पुढचे दिवेही बदलावे लागतात. गाडी येत नाही. आडनाव येतं, त्यावर जकात नाही आणि तपासणीही नाही. पण त्याकडे नंतर वळते.

लायसन्सची गोष्ट जास्त त्रासाची. भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून ६ महिनेच चालतं. पुढे ते बदलून घ्यावं लागतं, आणि ज्या देशांचं लायसन्स परीक्षेशिवाय बदलून मिळतं त्यांत भारत नाही. लेखी आणि रस्त्यावरची अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, शिवाय डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचा वर्ग. लेखी परीक्षा इंग्रजी, तुर्की, अरबी अशा काही भाषांत देता येते, हिंदीत किंवा मराठीत नाही. तासांची सक्ती नाही, पण रस्त्यावरची परीक्षा ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत आणि शिक्षकाला सोबत घेऊनच द्यावी लागते, त्यामुळे एकूण खर्च सहज हजार युरोंच्या पुढे जातो. फलक नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, वळताना मान फिरवून खांद्यामागे बघायचं, अशा साध्या गोष्टींवर माणसं नापास होतात. अठराव्या वर्षापासून घरची गाडी हाताखाली असलेल्याला चार तास पुरतात. जिच्या घरात कधी चारचाकी उभीच नव्हती, तिला चाळीस लागतात. दोघांच्या अर्जात मात्र ‘भारतीय लायसन्सधारक’ एवढंच लिहिलेलं असतं.

नोंदणीची साखळी अशी. घर मिळालं की २ आठवड्यांत पत्त्याची नोंद करायची. पत्ता असेल तर बँक खातं. मग विमा कंपनीकडून विम्याचा क्रमांक. मग वाहन नोंदणी कार्यालयाची वेळ घेऊन पासपोर्ट, पत्त्याचा दाखला, गाडीचे दोन्ही कागद, ‘ट्यूफ’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या तांत्रिक तपासणीचा अहवाल आणि वाहनकर खात्यातून परस्पर कापण्याची परवानगी घेऊन जायचं. हा कर जकात खातं वसूल करतं, त्यामुळे पहिलं पत्र तिकडून आलं तर घाबरू नये. नंबर प्लेट कार्यालयाच्या आसपासच्या दुकानात पाच-दहा मिनिटांत ठोकून मिळते, तिच्यावर आत शिक्का लावून घ्यायचा, झालं.

गाडीच्या दोन कागदांपैकी दुसरा कागद महत्त्वाचा, तो गाडीत ठेवायचा नसतो. त्यावर छापलेलं आहे की ज्याच्या नावावर हा कागद आहे तो गाडीचा मालक आहे असं यावरून ठरत नाही. जर्मन कायद्यात गाडी बाळगणारा वेगळा आणि मालक वेगळा. हे वाचताना मला हसू आलं. आपल्या वस्त्यांत हा फरक शिकवायला कायद्याची गरज पडली नसती. माझे वडील एसटी महामंडळात ड्रायव्हर होते. आयुष्यभर त्यांनी गाडी हाकली, पण एकही चारचाकी त्यांच्या नावावर झाली नाही. आमच्या गल्लीत ट्रक चालवणारे होते, साहेबांची गाडी चालवणारे होते, रिक्षा भाड्याने घेऊन चालवणारे होते. गाडी चालवण्याचं कौशल्य आपल्याकडे नव्हतं असं कुणी म्हणू नये. नव्हता तो मालकीचा कागद, आणि त्या कागदासोबत येणारी ओळख, पत आणि निवांतपणा.

वाहन आणि जात यांचा संबंध बाबासाहेबांनी लिहून ठेवला आहे. १९२९ साली चाळीसगावच्या स्टेशनवरून महारवाड्यात जाण्यासाठी टांगा हवा होता. एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार होईना. तडजोड निघाली ती अशी की टांगा भाड्याने मिळेल, पण हाकणारा मिळणार नाही. वस्तीतल्या माणसांनी आपल्यातलाच एक जण बसवला, ज्याने कधी टांगा हाकला नव्हता. पुलाजवळ अपघात झाला, घोडा आणि गाडी खाली गेली, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. बॅरिस्टर असलेल्या माणसाची ही गत. या प्रसंगाकडे आपण अपमान म्हणून पाहतो, आणि ते बरोबरच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. वाहन पैशाने मिळालं होतं. ते सुखरूप चालवण्याचं ज्ञान मात्र ज्यांच्याकडे होतं त्यांनी ते देण्याचं नाकारलं.

आता विम्याकडे येते, कारण माझं सगळं म्हणणं तिथे गोळा होतं. इथे विम्याचा हप्ता तुम्ही किती वर्षं अपघाताचा दावा न करता गाडी चालवली, यावर बराच अवलंबून असतो. नवखा माणूस शून्य वर्गात. एकेक वर्ष निर्धोक गेलं की वर्ग एकाने चढतो आणि हप्ता उतरतो. तीस-पस्तीस वर्षांचे वर्ग असतात. ऐकायला हे शुद्ध गुणवत्तेचं माप वाटतं: नीट चालव, कमी भर. पण ही वर्षं नातेवाइकाला देता येतात. आजोबांनी म्हातारपणी गाडी सोडली की त्यांची निर्धोक वर्षं नातवाच्या नावावर चढतात, आणि आजोबांच्या खात्यातून ती कायमची जातात. नातवाचं स्वतःचं लायसन्स जितक्या वर्षांचं असेल तेवढीच वर्षं त्याला मिळतात, ही मर्यादा. तरीही, ज्याने स्वतःच्या नावावर कधी गाडी घेतली नाही तो पहिल्याच दिवशी अनुभवी चालकाचा हप्ता भरतो.

मला याचा राग येत नाही, कारण इथे वारसा हा शब्द लपवलेला नाही. फॉर्मवर रकाना आहे: ही वर्षं कुणाकडून आली, नातं काय. आपल्याकडच्या ‘मेरिट’च्या फॉर्मवर असा रकाना असता तर? आजोबा मामलेदार, वडील प्राध्यापक, आई बँकेत, घरात इंग्रजी पुस्तकं, मामा अमेरिकेत. एकूण वारशाने आलेली निर्धोक वर्षं: नव्वद. स्वतःची: दोन. आणि शेजारच्या रांगेत शून्य वर्ग, पण तिथे शंका विचारली जाते की ही आरक्षणातून आली का. अजंठा सुब्रमण्यन यांनी ‘द कास्ट ऑफ मेरिट’मध्ये आयआयटीच्या संदर्भात जे दाखवलं, ते जर्मनीतला विमा एजंट दोन मिनिटांत समजावून सांगतो, फक्त त्याला ते माहीत नसतं.

नव्या माणसाच्या शून्यात पहिली भर घालतो तो ‘आपल्या माणसांचा’ गट. गाडी बघायला सोबत कोण येतं, टायर आणि गंज कुणाला कळतो, परीक्षेआधी सराव कुणाच्या सल्ल्याने होतो, परत जाणारं कुटुंब आपली गाडी स्वस्तात कुणाला देतं, हे सगळं तिथे ठरतं. अशाच एका गटात एका मराठी कुटुंबाची गाडी विक्रीला होती. किंमत मेसेजवर ठरली. मग फोन आला. पूर्ण नाव? मूळ गाव कुठलं? वडील काय करतात? मी सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी कळवण्यात आलं की गाडी आता घरातच ठेवायची आहे. आठवड्याने त्याच गटात त्याच गाडीसमोर नव्या मालकाचा फोटो आणि खाली अभिनंदनाचे संदेश.

हे जातीमुळेच झालं असं मी सिद्ध करू शकत नाही. नेमकी तीच तर सोय आहे. कार्यालयाने नकार दिला तर तो लेखी असतो, त्यात कारण असतं, त्याविरुद्ध दाद मागता येते. घरगुती नकाराला कागद नसतो. जर्मनीच्या २००६ च्या भेदभावविरोधी कायद्यात वंश आहे, धर्म आहे, लिंग, वय, अपंगत्व आहे. जात हा शब्द नाही. अमेरिकेत सिएटलने २०२३ मध्ये तो शब्द कायद्यात आणला, त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी तसंच विधेयक फेटाळलं. शब्द असता तरी माझ्या फोनचं काय झालं असतं कुणास ठाऊक. शेवटी मी संकेतस्थळावरची जाहिरात पाहून एका निवृत्त जर्मन गृहस्थाकडून गाडी घेतली. त्यांनी पासपोर्ट पाहिला, पैसे मोजले, छापील करारावर सही केली. माझं आडनाव त्यांना उच्चारताही आलं नाही. याचा अर्थ इथे स्वर्ग आहे असा नव्हे. घर शोधताना फोनवर माझा उच्चार ऐकून ‘जागा गेली’ म्हणणारे भरपूर भेटले. वंशवाद इथला आहे, जात आपण घेऊन आलो आहोत, आणि दलित विद्यार्थ्याला दोन्हीची किंमत एकाच महिन्यात मोजावी लागते.

नंबर प्लेटबद्दलही लिहायला हवं. १० युरो २० सेंट जादा भरले की आपल्या आवडीची अक्षरं-आकडे मिळतात. पण एसएस, एसए, केझेड, एचजे, एनएस या जोड्या मिळत नाहीत, त्या नाझींच्या संघटना आणि छळछावण्यांशी जोडलेल्या आहेत. काही राज्यांत १८ आणि ८८ वरही बंधनं आहेत. सुनील सोनवणे नावाच्या कुणाला आपली आद्याक्षरं हवी असतील तर त्याला नाही म्हणतील, आणि कारण ऐकून सोनवणेला वाईट वाटण्याचं काही नाही. आपल्याकडे ४१४१ चं ‘दादा’ करून मिरवण्यासाठी लाखांत पैसे मोजतात आणि मागच्या काचेवर जातीचं नाव तलवारीसकट असतं. उत्तर प्रदेश सरकारने २०२५ च्या सप्टेंबरमध्ये, अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालानंतर, वाहनांवरचे जातीचे उल्लेख काढण्याचे आदेश दिले. चांगलं आहे. पण अशा आदेशांच्या अंमलबजावणीत पोलिसाचा हात तलवारीच्या आधी ‘जय भीम’कडे जाणार नाही, याची हमी कोण देणार? एक जोडी दहशत मिरवते आणि दुसरी अभिवादन आहे, हा फरक जर्मन कारकुनाला इतिहासाच्या धड्यातून कळला आहे. आपल्याकडे तो धडा अजून अभ्यासक्रमात नाही.

आम्ही काही जणींनी आणि जणांनी आता मराठीत एक साधी टिपणवही सुरू केली आहे. गाडी बघताना काय तपासायचं, ‘जशी पाहिली तशी घेतली’ या अटीचा अर्थ काय, खाजगी विक्रेता दोषांची जबाबदारी करारात नाकारू शकतो म्हणून ‘ट्यूफ’ची तारीख आधी का बघायची, उजवीकडच्याला आधी जाऊ देण्याच्या नियमाची चित्रं. शनिवारी गाडी बघायला सोबत कोण येऊ शकेल, त्यांची नावंही त्यात आहेत. आडनावाचा रकाना ठेवलेला नाही. सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न मात्र गाडीचा नाही. नर्सिंगसाठी आलेल्या मुली विचारतात की घरमालक राहत असल्याचा कागद सही करून देत नाही, मग पत्त्याची नोंद कशी करायची. उत्तर असं: तो कागद २ आठवड्यांत देणं हे कायद्याने त्याचं काम आहे, न दिल्यास त्याला दंड होऊ शकतो. त्याने नकार दिला तर वाट पाहत बसू नका. भाडेकरार घेऊन नोंदणी कार्यालयात जा आणि नकार दिल्याचं तिथे लगेच कळवा.