आवाजाची मालकी आणि जपानी सेइयूंपुढील पेच

'ड्रॅगन बॉल'मधील गोकूला १९८६ पासून आवाज देणाऱ्या मासाको नोझावा यांचा जन्म १९३६ चा. गोकूच्या गोहान आणि गोतेन या मुलांचे संवादही त्याच बोलतात. जपानमध्ये अशा कलाकारांना 'सेइयू' म्हणतात. चित्रातले पात्र म्हातारे होत नाही, आवाज देणारा मात्र होतो. 'डोरेमॉन'चा आवाज नोबुयो ओयामा यांनी १९७९ पासून सांभाळला. २००५ मध्ये तो वासाबी मिझुता यांच्याकडे गेला. आवाज एकदा यंत्राला शिकवला की अशा खांदेपालटाची गरजच उरणार नाही, असे आमिष आता कृत्रिम बुद्धिमत्ता दाखवीत आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये २६ सेइयूंनी विनापरवाना आवाजनिर्मितीविरुद्ध जाहीर मोहीम उघडली. खलनायक फ्रीझाला आवाज देणारे र्‍यूसेई नाकाओ त्यांत होते. पुढच्याच महिन्यात कलाकार आणि व्यवस्थापकांच्या संघटनांनी संयुक्त भूमिका मांडली. अ‍ॅनिमेशन आणि परभाषिक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात यंत्रनिर्मित आवाज नको, अन्यत्र वापरायचा तर कलाकाराची संमती हवी आणि आवाज यंत्राचा असल्याचा स्पष्ट उल्लेख हवा, अशा त्यांच्या मागण्या होत्या.

कायद्याचा आधार मात्र तोकडा आहे. कंठस्वर ही 'कृती' नसल्याने प्रतिमुद्राधिकार त्याला लागू होत नाही. उलट, २०१९ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने यंत्राच्या प्रशिक्षणासाठी संरक्षित साहित्य वापरण्यास बरीच मोकळीक दिली. प्रसिद्ध व्यक्तीच्या नावाला व छबीला व्यापारी मूल्य असते, हे जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मान्य केले; त्या न्यायाने आवाजालाही संरक्षण मिळावे, असा युक्तिवाद केला जातो.

विरोध सरसकट आहे असेही नाही. त्याच ऑक्टोबरात 'आओनी प्रॉडक्शन' या नामांकित संस्थेने एका आवाजनिर्मिती कंपनीशी करार केला आणि नोझावांसह दहा कलाकारांचे आवाज दिले. मार्गदर्शक यंत्रणा, ध्वनिसाहाय्यक यांसाठी ते चालतील, अभिनयासाठी नाहीत, अशी अट घातली गेली. सीमारेषा समजूतदार वाटते, पण ती सोयीची आहे ती नावाजलेल्यांनाच. नवोदित सेइयूला अर्ध्या तासाच्या भागामागे, संवाद एक असो वा पन्नास, सुमारे १५ हजार येन मिळतात. तेवढ्यावर टोकियोत घर चालत नाही. उद्घोषणा, निवेदन अशी किरकोळ कामेच त्याला तगवून धरतात, आणि यंत्राला मोकळे सोडलेले कुरण नेमके तेच आहे. उद्याचे नाकाओ त्याच कुरणातून वर यायचे असतात.

भारतातही ही दरी दिसते. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंह यांना आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांना आवाजाच्या यांत्रिक नकलेविरुद्ध अंतरिम संरक्षण दिले. गोव्यातील खंडपीठही याच न्यायालयाचे, त्यामुळे हे आदेश येथील कलाकारांसाठीही महत्त्वाचे आहेत. तथापि दोन्ही अर्जदार देशभर विख्यात होते आणि संरक्षणाचा पायाही त्यांची ख्यातीच होती. डोरेमॉन किंवा शिनचॅन हिंदीत बोलू लागला की मुले आवाज क्षणात ओळखतात. तो कोणाचा, हे क्वचितच कुणाला माहीत असते. अशा कलाकाराने न्यायालयात दाद मागितली, तर त्याला आधी आपली ख्याती सिद्ध करावी लागेल, आणि प्रेक्षकांच्या मनात ती ख्याती पात्राच्या नावावर जमा आहे.